मुळांचा बलुतेदार



बुरशी हा शब्द कानावर पडला की आपला हात आधी फवारणीच्या पंपाकडे जातो. ज्वारीची काणी, गव्हाचा तांबेरा, द्राक्षावरची भुरी, कांद्यावरचा करपा, हरभऱ्याची मर, ही सगळी बुरशीचीच करणी. त्यामुळे बुरशी म्हणजे वैरी, असे आपण धरून चालतो. पण या मोठ्या गोतावळ्यात एक घराणे असे आहे की ते पिकाच्या मुळात शिरते, तिथेच राहते, पिकाचे खाते आणि तरीही पीक त्याच्यावाचून खुरटते. गेले काही महिने या घराण्याबद्दल फार पत्रे येत आहेत, कारण त्याच्या नावाची पाकिटे आता तालुक्याच्या प्रत्येक कृषी सेवा केंद्रात टांगलेली दिसतात. पुण्यात भरणाऱ्या कृषी प्रदर्शनांत तर दर चार दुकानांमागे एक दुकान त्याचेच असते. पाकिटावर नाव असते मायकोरायझा. ग्रीक भाषेत ‘मायकीस’ म्हणजे बुरशी आणि ‘रायझा’ म्हणजे मूळ. तेव्हा साध्या बोलीत मूळ-बुरशी म्हणा. आम्ही कृषी पदवीला होतो त्या काळी पुस्तकात तिला ‘व्हॅम’ म्हणत. काही जुन्या पाकिटांवर आजही तेच नाव आढळते.

आधी ही बुरशी करते काय, ते नीट पाहू. पाकिटाकडे नंतर वळू.

आपण पिकाला तीन मुख्य अन्नद्रव्ये देतो, नत्र, स्फुरद आणि पालाश. यांतले नत्र पाण्यात सहज विरघळते आणि पाण्याबरोबर चालत मुळाच्या दारी येते. स्फुरदाचे तसे नाही. ते मातीच्या कणाला आणि आपल्याकडच्या चुनखडीच्या जमिनीत चुन्याला असे काही चिकटून बसते की जागचे हलत नाही. मूळ जिथे पोचले तिथले, त्याच्या भोवतालचे मिलिमीटर-दोन मिलिमीटरमधले स्फुरद ते उचलते आणि मग तेवढी माती रिकामी होते. बोटभर अंतरावर स्फुरद पडलेले असते, पण ते मुळाकडे येत नाही आणि मूळ त्याच्याकडे पोचत नाही. विहिरीत पाणी आहे पण दोर तोकडा, अशी ही अवस्था. म्हणूनच माती परीक्षणात स्फुरद दिसते आणि पिकाची पाने मात्र जांभळट पडून रोप बसून राहते.

हा दोर लांबवण्याचे काम मूळ-बुरशी करते. तिचा धागा आपल्या केसाहूनही कितीतरी बारीक. तो मुळाच्या सालीत शिरतो, आतल्या पेशींत अगदी छोट्या झाडासारखा फांद्याफांद्यांनी पसरतो आणि दुसऱ्या टोकाने बाहेर मातीत काही सेंटिमीटर लांब जातो. जिथे मुळाला शिरायला जागा नाही अशा मातीच्या बारीक फटींत हा धागा जातो. चांगल्या जमिनीच्या चमचाभर मातीत हे धागे मोजले तर कित्येक मीटर भरतात. तिकडून स्फुरद, शिवाय जस्त आणि तांबे उचलून ते मुळाच्या आत आणून देतात.

फुकट मात्र नव्हे. या बुरशीला स्वतःची पाने नाहीत. उन्हावर साखर तयार करणे तिला येत नाही. म्हणून पीक आपल्या पानांत तयार झालेल्या साखरेतला वाटा तिला देते. शास्त्रज्ञांनी केलेल्या मोजणीत हा वाटा शंभरात चार भागांपासून वीस भागांपर्यंत आढळला आहे. आपल्या गावगाड्यात सुतार-लोहाराने वर्षभर औते भरून द्यायची आणि खळ्यावर त्याचे बलुते न्यायचे, त्यातलाच हा प्रकार. जमिनीखाली हे बलुते फार पूर्वीपासून चालू आहे. स्कॉटलंडमध्ये ऱ्हायनी गावाजवळ सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पती दगड होऊन राहिलेल्या सापडल्या. त्यांना नीट मुळेही फुटलेली नव्हती, पण त्यांच्या खोडाच्या पेशींत ही बुरशी आजच्यासारखीच पसरलेली दिसते.

पण बलुतेदाराची गरज उरली नाही तर घरधनी बलुते देईल का? पीकही देत नाही. जमिनीत विद्राव्य स्फुरद भरपूर झाले की पीक बुरशीला मुळात फारसे शिरूच देत नाही. ही एक गोष्ट तुम्ही पक्की ध्यानात ठेवलीत तर पाकिटाच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरे तुमची तुम्हालाच मिळतील.

डोळ्यांनी हे काही दिसत नाही. मुळावर गाठी दिसतात त्या कडधान्यांच्या, रायझोबियम जिवाणूंच्या. पण ज्वारीचे किंवा कांद्याचे मूळ उपटून कितीही न्याहाळले तरी ते साध्या मुळासारखेच दिसेल. प्रयोगशाळेत बारीक मुळे पोटॅशच्या द्रावणात तापवून पारदर्शक करतात, निळा रंग देतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरतात, तेव्हा आतले धागे आणि फुगीर पिशव्या निळ्या दिसू लागतात. कृषीच्या विद्यार्थ्याला हे पहिल्यांदा दाखवले की तो हमखास विचारतो, “सर, हे मूळ रोगट आहे का?” त्याला सांगावे लागते की बाबा, निरोगी आहे म्हणून तर असे दिसते.

‘मायकोरायझा’ हे नाव १८८५ साली फ्रांक नावाच्या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने दिले. जमिनीखाली उगवणारी एक महागडी अळंबी प्रशियाच्या राजाला आपल्या मुलखात वाढवून हवी होती आणि तिचा शोध घेण्याचे काम फ्रांककडे होते. अळंबी काही हाती आली नाही, पण झाडांच्या मुळांभोवती बुरशीचे आवरण असते आणि ते झाडाच्या हिताचे असते, हे त्याने मांडले. त्याचे म्हणणे तेव्हा पुष्कळांनी हसण्यावारी नेले. फ्रांकने पाहिली ती जंगली झाडांची बुरशी, मुळाला बाहेरून गवसणी घालणारी. आपल्या पिकांतली वेगळी, मुळाच्या आत राहणारी. तिचा उलगडा व्हायला विसावे शतक अर्धे सरावे लागले. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड येथे बार्बरा मॉस या बाईंनी आणि अमेरिकेत गर्डमन यांनी कुंड्यांमध्ये एका बाजूला बुरशी असलेली आणि दुसऱ्या बाजूला नसलेली रोपे वाढवून फरक दाखवला, तेव्हा कुठे शेतीशास्त्राने तिकडे नीट लक्ष दिले.

आपल्या बाजूचा एक धागाही यात आहे. कंपोस्टची ‘इंदूर पद्धत’ तुम्हाला ठाऊक असेल. ती घालून देणारे सर अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या संशोधन संस्थेत होते. १९४० साली निघालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी या मूळ-बुरशीवर फार भर दिला. कुजलेले खत, बुरशी आणि मूळ यांची साखळी शाबूत असेल तर पीक निरोगी राहते, असे त्यांचे मत होते. बुरशी पिकाला काय आणून देते याची त्यांची कल्पना आज जशीच्या तशी कोणी मानत नाही. त्यांना वाटले होते की पीक बुरशीलाच पचवून पोसले जाते. पण मुळाच्या आत चाललेल्या या व्यवहाराकडे शेतकऱ्याने पाहिले पाहिजे, हे म्हणणारा माणूस आपल्या शेजारी, माळव्यात बसून काम करीत होता. आपण त्यांच्याकडून खड्ड्याची लांबी-रुंदी तेवढी घेतली.

आता पुण्याच्या गुलटेकडी मार्केट यार्डात या. एका गाळ्यावर कांद्याच्या पिशव्यांची थप्पी, पलीकडे कोबी-फ्लॉवरचा ढीग. बाजारात दोघे शेजारी, पण मूळ-बुरशीच्या बाबतीत दोन टोके. कांद्याची मुळे जाड, थोडी आणि उथळ. त्यांना बारीक केशमुळे जवळजवळ नसतातच. त्यामुळे स्फुरदासाठी कांदा या बुरशीवर जितका अवलंबून असतो तितकी फार थोडी पिके असतील. जगभरच्या प्रयोगशाळांत बुरशीचा परिणाम दाखवायचा असला की कुंडीत कांदा लावतात, तो याच कारणाने. याउलट कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मुळा, मोहरी हे सारे कुळ या बुरशीला मुळात थाराच देत नाही. पालक, बीट, राजगिरा यांचेही जवळपास तसेच. बाकी आपली ज्वारी, बाजरी, मका, ऊस, कापूस, तूर, हरभरा, सोयाबीन, भुईमूग, मिरची, टोमॅटो, वांगी, हळद, द्राक्ष, डाळिंब, अंजीर, सीताफळ, ही सर्व पिके तिला घरात घेतात. जगातल्या वनस्पतींच्या जातींपैकी शंभरात सत्तर तरी जाती या घराण्याशी व्यवहार ठेवून आहेत. भातही घेतो, पण खाचरात पाणी तुंबले की बुरशीला हवा मिळत नाही आणि ती मागे पडते.

म्हातारी माणसे ‘बेवड’ पाहून पीक घेत. या पिकावर ते पीक बरे, त्याच्यावर हे नको, असा हिशेब त्यांच्याजवळ होता. त्या हिशेबात नत्र, तण, कीड असे पुष्कळ काही येते. त्यात मूळ-बुरशीही येते, हे आता कळू लागले आहे. ही बुरशी जिवंत मुळावरच जगते. शेतात तिला घेणारे पीक नसले तर तिचे बीजाणू काही काळ तग धरतात, मग हळूहळू कमी होत जातात. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड प्रांतात डार्लिंग डाउन्स नावाचा भाग आहे. तिथली जमीन आपल्या सोलापूरसारखीच काळी, भारी, भेगा पडणारी. तिथल्या शेतकऱ्यांचा अनुभव असा की जमीन वर्षाहून जास्त काळ पड ठेवून, तण काढून स्वच्छ राखली की ओल साठते, नत्रही साठते, आणि तरीही पुढचे पीक बसून राहते, पिवळे पडते, स्फुरद आणि जस्ताची कमतरता दाखवते. कित्येक वर्षे याचे कारण उमगत नव्हते. १९८७ साली थॉम्पसन या संशोधकाने दाखवून दिले की लांबलेल्या पडीत मूळ-बुरशी खचते आणि नव्या पिकाच्या मुळाला ती वेळेवर भेटत नाही. गव्हाला त्याचा फटका कमी बसतो, मका, सूर्यफूल, जवस यांना जास्त.

इंदापूर, शिरूर, सोलापूर, अहिल्यानगर या पट्ट्यात रब्बी ज्वारीसाठी खरिपात रान मोकळे ठेवण्याची रीत आहे. ती पड वर्षभराची नाही, सहा-आठ महिन्यांची, म्हणून क्वीन्सलँडचा निष्कर्ष आपल्याला जसाच्या तसा लावता येत नाही. आणि आपल्याकडे ओलीची किंमत सर्वांत मोठी, तेव्हा पड मोडा असे मी सांगणार नाही. पण ज्यांच्या रानात जूनचा पाऊस बरा होतो आणि जमीन मध्यम ते भारी आहे त्यांनी मूग किंवा उडीद घेऊन मग ज्वारी करावी, ही जुनी शिफारस आहे. तिच्या फायद्यांत एक फायदा आणखी मोजायला हरकत नाही. त्या सत्तर-ऐंशी दिवसांत मुळे जिवंत राहतात आणि बुरशीही.

या सगळ्याचा आपल्या खिशाशी कसा संबंध येतो, ते शिरूर तालुक्यातल्या एका ताईंच्या पत्रावरून कळेल. त्यांनी लिहिले आहे: “रब्बी कांद्याला मायकोरायझा ठिबकमधून सोडला. दुकानदाराने सांगितले होते कांदा दणक्यात पोसेल. काही फरक दिसला नाही. औषध बनावट होते का? की आमचे काही चुकले? घरात बोलणी मला बसली, कारण आणायला मीच सांगितले होते.” पत्राबरोबर त्यांनी बाकीची हकिकतही दिली आहे. आधी त्या रानात फ्लॉवर होता. कांद्याला लागणीच्या वेळी डीएपी दिले, नंतर पुन्हा एक हप्ता दिला. रोपे पिवळी दिसली म्हणून बुरशीनाशकाची आळवणी केली, कार्बेन्डाझिम. आणि आळवणीच्या पुढच्या आठवड्यात पाकीट सोडले.

ताई, पाकीट अस्सल होते की नाही ते मला इथे पुण्यात बसून सांगता येणार नाही. पण अस्सल असते तरी तुमच्या रानात त्याला काम करायला जागा नव्हती. फ्लॉवरने जमिनीतली घरची बुरशी वाढू दिली नाही. इथवर पाकिटाची गरज होती, हे खरे. पण मग मुळाशी दोनदा डीएपी पडले. कांद्याला आयते स्फुरद मिळाले, त्याने बलुतेदाराला दार उघडले नाही. कार्बेन्डाझिम करप्यावर, मरीवर जसे चालते तसेच या मित्र बुरशीवरही चालते, औषधाला आपला-परका कळत नाही. आणि पाकीट ठिबकमधून गेले ते लागणीनंतर किती दिवसांनी? या बुरशीचा बीजाणू मुळाला अगदी चिकटून पडला पाहिजे. वाढीच्या मध्यावर वरून सोडलेल्या पाण्यातून तो मुळाशी पोचला तर पोचला. कांद्यात ही बुरशी घालायची तर ती रोपवाटिकेत, गादीवाफ्यावर बी टाकताना, बियांच्या खाली बोटभर खोलीत. म्हणजे रोप उपटून लावतानाच मुळात बुरशी घेऊन शेतात जाते, आणि पाकीटही थोडक्यात भागते. तेव्हा घरच्यांना सांगा की निवड चुकली नव्हती, वेळ आणि सोबत चुकली. आणि ती सोबत सुचवणारे तुम्ही नव्हता.

आता माझे स्वतःचे मत सांगतो. कंपन्यांना ते आवडणार नाही, पण या पानाला कंपन्यांची भीड नाही. ज्या शेतात ज्वारी, तूर, कांदा, मका, भुईमूग अशी फेरपालट चालू आहे, बांधावर गवत आहे, शेणखत पडते, अशा शेतात घरची मूळ-बुरशी असतेच. तिथे पाकीट घेऊन फारसे काही हाती लागेल असे मला वाटत नाही. विहीर भरलेली असताना टँकर मागवण्यासारखे ते आहे. पाकिटाचा खरा उपयोग जिथे बुरशी उरलेलीच नाही तिथे. ती ठिकाणे कोणती?

पहिले म्हणजे रोपवाटिका. हल्ली मिरची, टोमॅटो, पपई, उसाची रोपे कोकोपीटच्या ट्रेमध्ये तयार होतात. कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. त्यात माती नाही, तेव्हा मूळ-बुरशीही नाही. रोप शेतात जाईपर्यंत कोऱ्या मुळाचे राहते. गादीवाफ्यावर उन्हाळ्यात प्लॅस्टिक अंथरून माती तापवली किंवा औषधाने निर्जंतुक केली तर रोगाच्या बुरशीबरोबर वरच्या थरातली मित्र बुरशीही कमी होते. अमेरिकेत लिंबूवर्गीय फळझाडांच्या रोपवाटिकांत हाच प्रकार घडला. माती धुरीच्या औषधाने निर्जंतुक केली, रोग गेला, आणि रोपे मात्र खुरटली. लोक म्हणत, औषधाचे विष राहिले. १९७२ साली क्लाइनश्मिट आणि गर्डमन यांनी दाखवले की विषाचा प्रश्न नसून मूळ-बुरशी नाहीशी झाल्याने रोपांना स्फुरद मिळेनासे झाले होते. बुरशी परत दिली, रोपे चालू लागली.

दुसरे ठिकाण म्हणजे माळावरची, मुरमाची, वरचा थर खरवडून गेलेली जमीन. पुरंदरच्या डोंगरउतारावर सीताफळ, अंजिराचे नवे खड्डे घेताना खालचा मुरूम वर येतो. त्या मुरमात काही नसते. अशा खड्ड्यात रोपाच्या मुळाशी बुरशी दिलेली चांगली. पुण्याच्या टेकड्यांवर झाडे लावणाऱ्या मंडळींनाही हेच लागू आहे. बाहेरून गवसणी घालणाऱ्या त्या दुसऱ्या जातीच्या बुरशीचा एक दाखला इथे देण्याजोगा आहे. वेस्ट इंडीजमधल्या पोर्टो रिको बेटावर पाइनची झाडे काही केल्या जगत नव्हती. १९५५ साली पाइनच्या जंगलातली माती बाहेरून आणून मुळाशी घातली, तेव्हा ती धरू लागली.

तिसरे ठिकाण, वर सांगितलेले: कोबीवर्गीय पिकामागून कांदा. तिथेही पाकिटाआधी बेवड बदलता आला तर पाहा. मधे मका, ज्वारीचा हिरवा चारा किंवा ताग घेऊन गाडला तरी बुरशी पुन्हा जोर धरते.

कडधान्याबद्दल एक शब्द. मुळावरच्या गाठींना नत्र बांधायला स्फुरद भरपूर लागते. म्हणून हरभरा-तुरीत रायझोबियम आणि मूळ-बुरशी एकमेकींना पूरक ठरतात. रायझोबियमची बीजप्रक्रिया स्वस्त आहे, ती सोडून मायकोरायझाच्या मागे लागू नका. पुण्यात शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात जिवाणू खतांचे काम जुने आहे. तिथली पाकिटे तुमच्यापैकी अनेकांच्या वडिलांनीही वापरली असतील.

इथे एक घोळ नेहमी होतो तो दूर करतो. स्फुरद विरघळवणारे जिवाणू वेगळे आणि मूळ-बुरशी वेगळी. जिवाणू चुन्याला चिकटलेले स्फुरद सोडवतात. बुरशी मुख्यतः लांबचे सुटे स्फुरद उचलून आणते. दोघांपैकी कोणीही स्फुरद निर्माण करीत नाही. जमिनीत नाहीच, तर बलुतेदार आणणार कोठून? शेणखत आणि माती परीक्षणाप्रमाणे सुपर फॉस्फेट द्यावेच लागते. पण ज्यांच्या अहवालात स्फुरद वर्षानुवर्षे ‘जास्त’ येत आहे, विशेषतः द्राक्ष आणि ऊसवाल्यांनी, त्यांनी डीएपीच्या गोणीवरचा हात आखडता घ्यावा. या देशात स्फुरदाच्या खताचा कच्चा माल बहुतांशी परदेशातून येतो. आपल्या जमिनीत साठलेले स्फुरद हीही एक ठेव आहे आणि ती काढून आणणारा गडी आपण स्वतःच घालवून बसतो. नांगरट, रोटाव्हेटर वारंवार फिरवल्यानेही धाग्यांचे जाळे तुटते. हुमणीसाठी, तणासाठी करायची ती मशागत करा, पण ट्रॅक्टर दारात उभा आहे म्हणून नको.

पाकीट घ्यायचेच ठरले तर काय पाहाल? ही बुरशी खत नियंत्रण आदेश, १९८५ खाली जैविक खत म्हणून येते. पाकिटावर उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना, तयार केल्याची आणि संपण्याची तारीख, आणि एका ग्रॅममध्ये किती जिवंत घटक आहेत ते छापलेले हवे. विक्रेत्याकडून पावती घ्या. नुसते ‘चमत्कारी’, ‘दुप्पट उत्पन्न’ असे छापलेले असेल आणि आकडा नसेल तर ते तिथेच ठेवा. उन्हात, पत्र्याच्या छपराखाली, युरियाच्या थप्पीवर ठेवलेले पाकीटही घेऊ नका.

आणि कोणी सांगेल की गूळ-बेसनाच्या पाण्यात हे पाकीट घालून ड्रमभर वाढवा, तर त्याला हात जोडा. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रह आहे, काचनळ्यांत हजारो प्रकार जिवंत सांभाळलेले. तशा काचनळीतल्या अन्नावर बहुतेक बुरश्या वाढतात. ही मूळ-बुरशी एकटी वाढत नाही. तिला जिवंत मूळ लागतेच. प्रयोगशाळेतही तिला गाजराची खास वाढवलेली मुळे देऊन पोसावे लागते. गुळाच्या पाण्यात वाढेल ते दुसरेच काहीतरी. पाकीट महाग असते याचे कारणही हेच.

मात्र मुळावर वाढवायची तर ती घरच्या घरी वाढवता येते आणि याला पैसा फारसा लागत नाही, थोडा धीर लागतो. सावली नसलेल्या जागी साधारण हातभर लांब-रुंद आणि वीतभर खोल वाफा करा, खाली प्लॅस्टिकचा कागद घाला आणि पाणी निथळायला त्याला चार भोके पाडा. त्यात निम्मी वाळू आणि निम्मी हलकी माती भरा. ती माती आधी ओली करून प्लॅस्टिकखाली कडक उन्हात महिनाभर तापवलेली असावी. रासायनिक स्फुरद त्यात घालू नका, शेणखतही मूठभरच. मग बोटभर खोलीवर खात्रीच्या पाकिटातली बुरशी पसरा आणि वर दाट मका किंवा ज्वारी पेरा. पाकीट नको असेल तर कित्येक वर्षांत न नांगरलेल्या बांधावरच्या निरोगी गवताच्या मुळ्या आणि मुळ्यांना लागून असलेली माती घ्या. पण ज्या पिकासाठी बुरशी हवी त्याच पिकाखालची किंवा मर आणि सूत्रकृमी असलेल्या रानातली माती कधीही घेऊ नका, नाहीतर पाहुण्याबरोबर चोरही घरात येईल. पाणी बेताचे द्या. दोन-अडीच महिन्यांनी पाणी तोडा, ताटे सुकू द्या. दहा-बारा दिवसांनी ताटे कापून जनावरांना घाला आणि खालच्या मुळ्या कोयत्याने बारीक तोडून त्याच मातीत मिसळा. ही माती म्हणजेच तुमचे पाकीट. सावलीत वाळवून गोणपाटात भरा आणि कोरड्या जागी ठेवून त्याच वर्षी वापरा. खरीप कांद्याची रोपे मे-जूनमध्ये टाकायची तर हा वाफा फेब्रुवारीच्या सुरुवातीला पेरायला हवा, आणि त्यासाठी माती डिसेंबर-जानेवारीत तापवायला घ्यावी. त्या दिवसांत ऊन मंद, तेव्हा सहा आठवडे तरी कागद राहू द्या.

गादीवाफ्यावर ही माती बियांच्या ओळीखाली पसरायची. फळझाडाच्या खड्ड्यात दोन ओंजळी, रोपाच्या मुळांना टेकेल अशी. सुरुवातीचे महिनाभर तरी त्या वाफ्यावर बुरशीनाशकाची आळवणी टाळा. रोपे कोलमडू लागली तर मात्र हट्ट धरू नका, आधी रोपे वाचवा.

पाकीट असो की घरची माती, सगळ्या रानाला एकदम लावू नका. चार वाफे बिनबुरशीचे ठेवा, त्यांना खुणेची काठी रोवा, खत-पाणी मात्र दोन्हीकडे सारखेच. काढणीला दोन्हींचा कांदा वेगळा भरून काट्यावर वजन करा. आधीचे पीक कोणते होते, डीएपी किती दिले, आळवणी केली का, एवढे त्याच कागदावर लिहून मला पोस्टाने कळवा. फरक पडला नाही तरी कळवा.